वाचकांचे प्रश्न : पोलादात काय घातलंय आणि ते बसलंय कुठे

ह्या वेळी पोलादावरचे प्रश्न एकत्र घेतलेत, कारण बरेच जण वेगवेगळ्या शब्दांत जवळजवळ एकच गोष्ट विचारतायत, की अमुक धातू घातला की पोलादाचं नेमकं होतं काय. काही प्रश्न फार लांब होते, ते थोडे छाटलेत.

प्रश्न : सर, क्रोमियम घातलं की गंजत नाही, निकेल घातलं की चिवट होतं, व्हॅनेडियमने मजबूत होतं असं सगळीकडे वाचतो. मग सगळंच भरपूर घालून एकच सर्वात भारी पोलाद का बनवत नाहीत? एवढे शेकडो ग्रेड कशाला?

उत्तर : हा प्रश्न मुद्दाम पहिला घेतला कारण ह्याचं उत्तर नीट डोक्यात बसलं की पुढचे बरेचसे आपोआप सुटतात. तुम्ही वाचलेली यादी चुकीची नाहीये पण अर्धवट आहे. त्यात धातू किती टक्के घातला एवढंच असतं, तो आत कुठे जाऊन बसला हे कोणी लिहीत नाही, आणि सगळा फरक तिथेच पडतो. घातलेला धातू लोखंडात विरघळून राहू शकतो, किंवा कार्बनला धरून कार्बाइडचे कडक कण बनवतो, किंवा गंधक-ऑक्सिजन-नायट्रोजनला पकडून बारीक कचरा होऊन बसतो, नाहीतर ग्रेन बाउंड्रीवर, म्हणजे लोखंडाच्या स्फटिकांमधल्या सीमेवर, गोळा होतो. तेच क्रोमियम विरघळलेलं असेल तर गंज अडवतं आणि कार्बाइडमध्ये अडकलं असेल तर झीज अडवतं पण गंजाच्या बाबतीत त्याचा काही उपयोग नाही.

आता मुळात पोलाद म्हणजे लोखंड आणि कार्बन. ०.०५ ते ०.२५ टक्के कार्बन म्हणजे आपलं साधं माइल्ड स्टील, ०.३ ते ०.६ म्हणजे मीडियम कार्बन, शाफ्ट गिअर वगैरे, त्याच्या वर हाय कार्बन म्हणजे स्प्रिंगा, छिन्न्या, कानशी, आणि २ टक्क्यांच्या वर गेलं की ते बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ते पोलाद राहतच नाही. एवढ्याशा कार्बनने एवढा फरक कसा पडतो? कार्बनचा अणू लहान असतो, तो लोखंडाच्या अणूंच्या मधल्या फटीत घुसतो. लोखंड तापवून ऑस्टेनाइट झालं, म्हणजे त्याच्या अणूंची मांडणी बदलली, की त्याच्या फटी मोठ्या होतात आणि साधारण ११५० अंशाला त्यात २ टक्क्यांच्या आसपास कार्बन मावतो, पण थंड झाल्यावर जे फेराइट, म्हणजे लोखंडाची नेहमीची मांडणी, बनतं त्यात ७२७ अंशाला जेमतेम ०.०२ टक्के मावतो. म्हणजे थंड होताना कार्बनला बाहेर पडावंच लागतं. सावकाश थंड केलं तर तो बाहेर पडून सिमेंटाइट, म्हणजे लोखंड-कार्बनचं कडक संयुग, बनवतो आणि फेराइट-सिमेंटाइटचे पातळ थर एकाआड एक लागतात, ते पर्लाइट. झटकन पाण्यात किंवा तेलात टाकलं तर बाहेर पडायला त्याला वेळच मिळत नाही, तो आतच अडकतो, अणूंची जाळी ताणून धरतो, तो मार्टेन्साइट, प्रचंड कडक आणि तेवढाच ठिसूळ, म्हणून नंतर टेम्परिंग करायचं, म्हणजे परत थोडं तापवून ठिसूळपणा कमी करायचा.

बाकीचे जवळजवळ सगळे धातू ह्या कार्बनच्या हालचालीत ढवळाढवळ करतात. कोणी त्याला उशीर करतो, कोणी त्याला घट्ट धरून ठेवतो, कोणी ऑस्टेनाइट थंडीतही टिकवतो. सगळेच भरपूर घातले तर एकमेकांचा कार्बन पळवतात. क्रोमियम, मॉलिब्डेनम, टंगस्टन, व्हॅनेडियम सगळेच कार्बाइडवाले, ते जास्त झाले तर कार्बाइड मोठाली होतात आणि तिथूनच तडा सुरू होतो, निकेल-मँगनीज फार झालं तर पोलाद ऑस्टेनाइटच राहतं आणि पाण्यात टाकून हार्ड होतच नाही, आणि वेल्डिंग तर जवळपास अशक्य. म्हणून एकच भारी पोलाद असं काही नसतं, काम काय आहे ते आधी ठरतं आणि मग ग्रेड.

प्रश्न : ईएन ८ चा जाड शाफ्ट हार्ड करून आणला, वर कडकपणा बरोबर आला, पण कापून बघितला तर मधोमध मऊ. हीट ट्रीटमेंटवाला म्हणतो मटेरियलच असं आहे, ईएन २४ घ्या. तो खरं बोलतोय की काम नीट केलं नाही? दोन्हीत कार्बन तर ०.४ च आहे.

उत्तर : तो खरं बोलतोय. (ईएन ८, ईएन २४ हे पोलादाच्या ग्रेडचे जुने ब्रिटिश नंबर.) आणि तुम्ही कार्बनचं जे बघितलंत ते फार बरोबर बघितलंत, गोंधळ नेमका तिथेच होतो. मार्टेन्साइट किती कडक होणार हे जवळजवळ एकट्या कार्बनवर ठरतं. ०.२ टक्क्याला रॉकवेल सी ह्या कडकपणाच्या मापात साधारण ४५ पर्यंत, ०.४ ला ५६ च्या आसपास, ०.६ ला ६४ च्या आसपास, आणि त्याच्या पुढे कार्बन वाढवला तरी आकडा फारसा हलत नाही. ईएन ८ आणि ईएन २४ दोन्ही ०.४ चे, म्हणजे पूर्ण मार्टेन्साइट झालं तर दोन्ही सारखेच कडक. फरक पडतो तो खोलीत, किती आतपर्यंत मार्टेन्साइट होणार ह्यात. ह्याला हार्डनेबिलिटी म्हणतात आणि ती कडकपणापेक्षा पूर्ण वेगळी गोष्ट आहे, हे दोन शब्द एकाच अर्थाने वापरले की असे गैरसमज होतात.

जाड शाफ्ट तेलात टाकला की वरचा भाग पटकन थंड होतो पण मधली उष्णता बाहेर यायला वेळ लागतो, तेवढ्या वेळात ईएन ८ मधला कार्बन आरामात बाहेर पडतो आणि तिथे पर्लाइट तयार होतं. ईएन २४ मध्ये साधारण दीड टक्का निकेल, सव्वा टक्का क्रोमियम आणि पाव टक्क्याच्या आसपास मॉलिब्डेनम असतं, आणि हे अणू ऑस्टेनाइटमध्ये विरघळलेले असतात. पर्लाइट बनायचं तर ह्या जड आणि हळू सरकणाऱ्या अणूंनाही जागा बदलावी लागते, त्यामुळे सगळं काम रेंगाळतं, आणि मधला भाग सावकाश थंड झाला तरी पर्लाइट व्हायच्या आत मार्टेन्साइटच्या तापमानाला पोचतो. म्हणजे निकेल-क्रोमियमने इथे ताकद घातली नाही, वेळ दिला.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर जॉमिनी टेस्ट बघा, मला ती फार आवडते कारण एकाच तुकड्यात सगळं दिसतं. २५ मिमी व्यासाचा आणि १०० मिमी लांबीचा गोल तुकडा लालभडक तापवायचा, उभा टांगायचा आणि फक्त खालच्या तोंडावर पाण्याचा फवारा मारायचा. खालचं टोक झटकन थंड होतं आणि वर वर जाल तसं सावकाश, अगदी वरचं टोक तर हवेतच निवतं. मग बाजूने थोडं ग्राइंड करून सपाट करायचं आणि खालपासून वरपर्यंत कडकपणा मोजत जायचं. ईएन ८ चा आकडा काही मिलिमीटरांत धाडकन खाली येतो, ईएन २४ चा जवळजवळ आडवा चालतो.

ह्याच कामासाठी बोरॉनही वापरतात आणि त्याचं प्रमाण बघून थक्क व्हायला होतं, ०.००१ ते ०.००३ टक्के, म्हणजे एका टनात १० ते ३० ग्रॅम. एवढंसं बोरॉन ग्रेन बाउंड्रीवर जाऊन बसतं आणि फेराइट जिथून सुरू व्हायचं तीच जागा अडवतं. पण पोलादात मोकळा नायट्रोजन असेल तर बोरॉन त्याला चिकटून बोरॉन नायट्राइड होतं आणि सगळं फुकट जातं, म्हणून आधी टायटॅनियम नाहीतर ॲल्युमिनियम घालून नायट्रोजन बांधून टाकतात. टक्केवारी तीच, बसायची जागा बदलली तर परिणाम शून्य.

तुमच्यापुरतं सांगायचं तर आधी शाफ्टवर लोड कसलं येतं ते बघा. नुसतं वाकण आणि पीळ असेल तर सगळ्यात जास्त ताण पृष्ठभागावरच येतो, मध्ये फार कमी, तिथे ईएन ८ इंडक्शन हार्डनिंग करूनही, म्हणजे विजेने फक्त वरचा थर तापवून कडक करूनही, चालून जातं. प्रत्येक वेळी ईएन २४ लागतोच असं नाही.

प्रश्न : लांब शाफ्ट लोडखाली वाकत होता म्हणून माइल्ड स्टील काढून महागातलं ॲलॉय स्टील बसवलं, तरी वाकतोय तेवढाच. फसवणूक झाली का?

उत्तर : मटेरियल बरोबर असूनही असंच होणार. लोड काढल्यावर शाफ्ट परत सरळ होत असेल तर ते वाकणं यंग्ज मॉड्युलसवर, म्हणजे मटेरियलच्या ताठपणाच्या आकड्यावर, ठरतं, आणि तो माइल्ड स्टीलचा, ईएन २४ चा, टूल स्टीलचा, सगळ्यांचा २०० ते २१० गिगापास्कलच्या आसपासच असतो. तो लोखंडाच्या अणूंमधल्या बंधाचा गुण आहे, दोन-चार टक्के दुसरा धातू घातल्याने किंवा हार्डनिंगने तो बदलत नाही. ऑस्टेनाइटिक स्टेनलेसचा तर उलट थोडा कमीच भरतो. ॲलॉय स्टील घेतल्याने एवढंच होतं की कायमचं वाकायला जास्त लोड लागतं. ताठपणा हवा असेल तर व्यास वाढवा, वाकणं व्यासाच्या चौथ्या घाताने कमी होतं, व्यास २० टक्के वाढवला तर ताठपणा दुपटीच्या वर जातो. किंवा बेअरिंग जवळ आणा. ही एक गोष्ट शिकवताना नीट शिकवली तर किती जणांचे पैसे वाचतील असं मला दर वेळी वाटतं.

प्रश्न : स्टेनलेसला लोहचुंबक चिकटला तर ते खोटं असं म्हणतात. माझ्याकडची एक पट्टी सपाट भागावर चिकटत नाही पण जिथे वाकवलीय तिथे चिकटते. हे कसं?

उत्तर : चुंबकाने स्टेनलेस ओळखू नका, अगदी कळकळीने सांगतो. चुंबकाला फक्त आतली रचना कळते, गंज लागणार की नाही हे त्याला कळत नाही. गंज अडवतं क्रोमियम. साधारण साडेदहा टक्क्यांच्या वर क्रोमियम विरघळलेलं असलं की पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा थर आपोआप तयार होतो, ओरखडा पडला तरी हवेतला ऑक्सिजन घेऊन परत जुळतो. १९१३ मध्ये शेफील्डला हॅरी ब्रेअर्ली बंदुकीच्या नळ्यांची झीज कमी करायला पोलाद शोधत होता आणि त्यात त्याने १२.८ टक्के क्रोमियमचं पोलाद ओतलं, त्यातून पुढे स्टेनलेसच्या सुऱ्या आल्या. ते पोलाद मार्टेन्साइटिक होतं, म्हणजे चुंबकाला मस्त चिकटणारं. पहिल्यावहिल्या स्टेनलेसपैकी एक असलेलं पोलादच ह्या चाचणीत नापास झालं असतं!

चुंबक न चिकटण्याचं कारण निकेल. ३०४ ह्या नेहमीच्या स्टेनलेसमध्ये १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल, हे निकेल ऑस्टेनाइट नेहमीच्या तापमानालाही टिकवतं आणि ऑस्टेनाइटला चुंबक लागत नाही. ४३० मध्ये क्रोमियम जवळजवळ तेवढंच, १६ ते १८ टक्के, पण निकेल नाही, म्हणून ते चिकटतं, आणि तरीही ते अस्सल स्टेनलेसच. तुमची पट्टी ३०४ च्या जातीतली वाटते. वाकवताना जिथे जोराचा ताण पडला तिथे थोडं ऑस्टेनाइट मार्टेन्साइट झालं, म्हणून तेवढाच भाग चिकटतो.

आता ज्याची खरी काळजी करायला हवी ते सांगतो. २०० सिरीजमध्ये निकेल महाग म्हणून कमी करतात आणि त्या जागी मँगनीज आणि नायट्रोजन घालतात, २०२ मध्ये निकेल ४ ते ६ टक्के आणि मँगनीज ७.५ ते १०. हेही ऑस्टेनाइट, हेही चुंबकाला चिकटत नाही, म्हणजे चाचणीत पास, पण खारट ओलाव्यात ३०४ पेक्षा लवकर डागाळतं. मँगनीज ऑस्टेनाइट टिकवायचं काम करतं पण गंज अडवायच्या बाबतीत त्याची काही मदत नाही. १२ टक्के मँगनीजचं हॅडफिल्ड पोलाद बघा ना, चुंबक अजिबात लागत नाही आणि गंजतं साध्या लोखंडासारखं. समुद्राजवळ किंवा मिठाच्या पाण्यात वापरायचं असेल तर ३१६ घ्या, त्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं आणि क्लोराइडमुळे जी बारीक बारीक भोकं पडतात ती त्याने बरीच रोखली जातात. खात्री करायची तर टेस्ट सर्टिफिकेट मागा किंवा स्पेक्ट्रोमीटरवर तपासून घ्या.

प्रश्न : डी२ ह्या टूल स्टीलमध्ये १२ टक्के क्रोमियम असतं ना, मग ते स्टेनलेस व्हायला हवं. माझ्या डायला गंज लागला.

उत्तर : लागणारच. डी२ मध्ये कार्बन दीड टक्का आहे आणि क्रोमियमला कार्बनची भारी ओढ, त्यामुळे बरंचसं क्रोमियम कार्बाइडमध्ये जाऊन बसतं आणि विरघळलेलं उरतं ते साडेदहाच्या खालीच. त्या कार्बाइडमुळेच तर डाय एवढी टिकते. ४४०सी मध्ये १ टक्का कार्बन असूनही ते स्टेनलेस आहे कारण त्यात क्रोमियम १७ टक्के असतं, कार्बनने आपला वाटा घेतला तरी पुरेसं उरतं. डायला तेल लावून ठेवत जा, दुसरा उपाय नाही.

प्रश्न : दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, स्टेनलेसचं वेल्डिंग केलं तर वेल्डला काही होत नाही पण त्याच्या शेजारी थोड्या अंतरावर गंजाची रेघ उठते. दोन, ईएन १९ ला वेल्ड मारला, रात्री चांगला दिसत होता, सकाळी वेल्डच्या कडेला तडा.

उत्तर : दोन्हीच्या मुळाशी पुन्हा कार्बनच आहे, पण वाटा वेगळ्या.

स्टेनलेसमध्ये वेल्डच्या दोन्ही बाजूंना एक पट्टा असा असतो की जो वितळत नाही पण ४५० ते ८५० अंशांच्या दरम्यान बराच वेळ राहतो. ह्या तापमानाला कार्बन ग्रेन बाउंड्रीवर जाऊन क्रोमियम कार्बाइड बनवतो. कार्बन लहान असल्यामुळे लांबून पळत येतो, क्रोमियम मात्र तिथल्या तिथलं ओढलं जातं, त्यामुळे बाउंड्रीच्या दोन्ही अंगांना क्रोमियम कमी पडलेला एक अरुंद पट्टा तयार होतो आणि गंज तिथूनच आत शिरतो. पूर्ण तुकड्याची केमिस्ट्री काढाल तर १८ टक्केच येईल, सगळं बरोबर दिसेल. उपाय म्हणजे ३०४एल घ्या, त्यात कार्बन ०.०३ च्या आत असतो, किंवा ३२१ घ्या, त्यात टायटॅनियम असतं, ३४७ मध्ये निओबियम. हे दोन्ही क्रोमियमच्या आधी कार्बनला धरून टाकतात आणि क्रोमियम मोकळं राहतं. अजून एक, साध्या लोखंडावर वापरलेला वायर ब्रश किंवा ग्राइंडिंग व्हील स्टेनलेसवर वापरत असाल तर ते आधी थांबवा, लोखंडाची भुकटी रुतून बसते आणि तीच गंजते, पुष्कळदा रेघ नुसती तेवढ्याचीच असते.

ईएन १९ हे क्रोमियम-मॉलिब्डेनमचं पोलाद, त्याचं वेगळं आहे. जी गोष्ट हार्डनिंगला चांगली, तीच वेल्डिंगला वाईट. वेल्डच्या शेजारचा भाग लाल होतो आणि बाकीचा थंड तुकडा त्याची उष्णता झटकन ओढून घेतो, म्हणजे पाण्यात बुडवल्यासारखंच झालं, आणि हार्डनेबिलिटी भरपूर असल्यामुळे तिथे कडक ठिसूळ मार्टेन्साइट होतो. त्यात रॉडच्या ओलाव्यातून हायड्रोजन शिरलेला असतो, वेल्ड आकसताना ताण असतोच, हे तिघं एकत्र आले की काही तासांनी, कधी एक-दोन दिवसांनी तडा जातो. आधी कार्बन इक्विव्हॅलंट, म्हणजे वेल्डला तडा जायचा धोका सांगणारा आकडा, काढायची सवय लावा (सगळं टक्क्यांत) : कार्बन, अधिक मँगनीज भागिले ६, अधिक क्रोमियम-मॉलिब्डेनम-व्हॅनेडियमची बेरीज भागिले ५, अधिक निकेल-तांब्याची बेरीज भागिले १५. माइल्ड स्टीलचा ०.३ च्या आसपास येतो, बिनधास्त मारा. ०.४ च्या वर गेला की सावध व्हायचं, ईएन ८ चा ०.५ च्या वर जातो आणि ईएन १९ चा ०.७ च्याही पुढे. म्हणजे २०० ते ३०० अंश प्रीहीट, लो हायड्रोजन रॉड ओव्हनमध्ये सुकवून गरम गरमच वापरायचा, आणि झाल्यावर झाकून सावकाश निवू द्यायचं. पाणी तर चुकूनही मारू नका.

प्रश्न : गंधक आणि फॉस्फरस पोलादाचे शत्रू असं पुस्तकात आहे. मग लेथवाले गंधक घातलेलं पोलाद मुद्दाम का मागतात?

उत्तर : कारण गंधक कोणाबरोबर बसलंय त्यावर आहे. मँगनीज नसेल तर गंधक लोखंडाला धरून आयर्न सल्फाइड बनवतं आणि ते ग्रेन बाउंड्रीवर पातळ थर होऊन पसरतं. हा थर लोखंडाबरोबर मिळून १००० अंशांच्या आतच वितळतो, आणि पोलाद रोलिंगला घेतात त्याच्या बरंच वरच्या तापमानाला, म्हणजे रोल करतानाच तुकडा ग्रेनच्या सीमेवर उसवतो. मँगनीज असलं की गंधक त्याच्याकडे जातं आणि मँगनीज सल्फाइडचे सुटे सुटे कण होतात, ते रोलिंगच्या तापमानाला वितळत नाहीत. म्हणून जवळजवळ प्रत्येक पोलादात थोडं मँगनीज दिसतं. १८५६ ला बेसेमरने वितळलेल्या कच्च्या लोखंडात हवा फुंकून पोलाद बनवायची आपली पद्धत जाहीर केली तेव्हा सुरुवातीला दुसऱ्यांच्या हातात पोलाद फुटायचं, त्यातला ऑक्सिजन आणि गंधकाचा त्रास रॉबर्ट मशेटच्या मँगनीजवाल्या कच्च्या लोखंडाने सुटला, आणि फॉस्फरस काढायला मात्र थॉमस आणि गिलख्रिस्ट ह्यांच्या भट्टीतल्या बेसिक (अल्कधर्मी) अस्तराची वाट बघावी लागली, ती पद्धत १८७० च्या दशकाच्या शेवटी आली.

लेथवाल्यांच्या फ्री कटिंग पोलादात गंधक ०.२ ते ०.३ टक्के असतं. तेच मँगनीज सल्फाइडचे मऊ कण टर्निंग करताना चिप तोडतात, लांब गुंडाळणारा बुरा येत नाही, टूल जास्त टिकतं, फिनिश छान येतं. पण रोलिंगमध्ये हे कण लांबट होऊन धाग्यासारखे पसरतात आणि आडव्या दिशेने पोलाद कमजोर होतं, वेल्डिंगला तडकतं. बुश, नट, फिटिंग ह्यांना घ्या, धक्का खाणाऱ्या पार्टला घेऊ नका.

प्रश्न : एचएसएस (हाय स्पीड स्टील) ड्रिल निळं पडलं तर फेकून द्यावं का? आणि ते साध्या कार्बन स्टीलपेक्षा एवढं जास्त कसं टिकतं?

उत्तर : लगेच फेकू नका. साधं कार्बन स्टील ३०० अंशाच्या आसपास निळं पडतं आणि तोवर त्याचा कडकपणा उतरलेला असतो. टेम्परिंगला कार्बन मार्टेन्साइटमधून सुटायला लागतो आणि सिमेंटाइटचे कण मोठे होत जातात, २०० अंशांच्या पुढे धार बसायला सुरुवात होते. एचएसएसचं तसं नाही. एम२ ह्या एचएसएसच्या नेहमीच्या ग्रेडमध्ये साधारण ६ टक्के टंगस्टन, ५ टक्के मॉलिब्डेनम, ४ टक्के क्रोमियम, २ टक्के व्हॅनेडियम असतं, आणि ५०० अंशांच्या पुढे हे धातू सरकायला लागले की ते अतिशय बारीक कार्बाइड बनवतात, त्यामुळे ५५० च्या आसपास टेम्परिंग केलं तर कडकपणा कमी व्हायच्या ऐवजी पुन्हा वर चढतो. म्हणूनच हे पोलाद अंधुक लाल होईपर्यंत तापलं तरी कापत राहतं. निळा रंग म्हणजे नुसता ऑक्साइडचा थर, परत धार लावून वापरून बघा. पण लाल होऊन गेलं असेल तर ते टोक घासून काढलेलं बरं. आणि ग्राइंडरवर गरम झालेलं ड्रिल एकदम पाण्यात बुडवू नका, बारीक तडे जातात, ते डोळ्याला दिसत नाहीत आणि मग धार तुकड्या तुकड्याने उडते.

टंगस्टनचं पोलाद मशेटने १८६८ मध्ये आणलं होतं, ते हवेतच हार्ड व्हायचं. पण खरी गंमत टेलर आणि व्हाइट ह्या अमेरिकन जोडीने दाखवली. त्यांनी अशाच पोलादाला इतकं तापवलं की तेव्हाचे जाणकार म्हणाले असते टूल जळून गेलं, अगदी वितळायच्या जवळ, आणि टूल पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त स्पीडला कापायला लागलं. १९०० च्या पॅरिसच्या प्रदर्शनात लोकांनी ते स्वतः बघितलं. कारण आता कळतं, तेवढं तापवल्याशिवाय टंगस्टनची कार्बाइड विरघळतच नाहीत, आणि विरघळलीच नाहीत तर टेम्परिंगला बारीक होऊन परत कशी येणार. एम२ ला आजही १२०० अंशांच्या वर नेतात.

प्रश्न : दगड फोडायच्या क्रशरचा जबडा मऊ पोलादाचा असतो असं ऐकलं, विश्वास बसत नाही.

उत्तर : खरं आहे. रॉबर्ट हॅडफिल्डने १८८२ मध्ये शोधलेलं हे पोलाद, सव्वा टक्का कार्बन आणि १२-१३ टक्के मँगनीज. नवीन असताना कडकपणा ब्रिनेल मापात २०० च्या आसपास, पण दगडांचे दणके बसले की वरचा थर ५०० पर्यंत जातो आणि आतला भाग चिवटच राहतो, वरचा झिजला की खालचा कडक होतो. ह्याला १०५० अंशांच्या आसपास तापवून पाण्यात टाकतात ते चिवट करायला, नेहमीच्या पोलादाच्या बरोबर उलट, कारण सावकाश थंड केलं तर कार्बाइड ग्रेन बाउंड्रीवर जाळं धरतात आणि जबडा काचेसारखा फुटतो. रेल्वेच्या क्रॉसिंगलाही हेच वापरतात. मात्र नुसती वाळू घासत असेल, दणका नसेल, तर ते कडक होतच नाही आणि भराभर झिजतं, अशा ठिकाणी घेऊ नका.

प्रश्न : भंगारात मिळालेला तुकडा कुठल्या पोलादाचा आहे हे घरच्या घरी कसं ओळखावं?

उत्तर : नक्की ग्रेड कळणार नाही पण गट कळतो, ग्राइंडरच्या ठिणग्यांवरून. गॉगल घाला, मागे काळोखी भिंत असेल असं उभं राहा आणि तुकडा हलक्या हाताने टेकवा. माइल्ड स्टीलच्या ठिणग्या लांब, पिवळट, सरळ जातात आणि टोकाला थोडे फाटे फुटतात. कार्बन वाढला की ठिणगी आखूड होते आणि चाकाच्या जवळच भरगच्च तारे फुटायला लागतात, हे तारे म्हणजे ठिणगीतला कार्बन जळून फुटतोय. जुनी कानस लावून बघा, मग माइल्ड स्टीलचा खिळा लावा, फरक लगेच डोळ्यात भरतो. टंगस्टनवालं एचएसएस असेल तर ठिणगी मंद, काळपट लाल आणि तुटक, तारे जवळजवळ नाहीतच, कार्बन पाऊण टक्क्याच्या वर असूनसुद्धा. ३०४ च्या ठिणग्या आखूड नारिंगी आणि थोड्याच. हाताशी माहीत असलेले तीन-चार तुकडे ठेवा आणि दर वेळी अनोळखी तुकड्याच्या आधी-नंतर तेच लावून बघा, कारण चाक आणि हाताचा दाब बदलला की ठिणगीही बदलते. आणि अशा तुकड्यावर ज्याच्या तुटण्याने कोणाला इजा होईल असं काहीही बनवू नका, त्यासाठी सर्टिफिकेटवालंच मटेरियल घ्या.